माझ्या नावाने दुसरीच बोलली

मी एक जुनी लायब्ररी आहे. मित्रांनो, लगेच पुस्तकांची कपाटे डोळ्यांपुढे आणू नका. मी संगणकात राहते. मोठमोठी गणिते सोडवण्याची रीत माझ्यात साठवलेली आहे, आणि ज्या प्रोग्रामला गरज पडेल तो मला नावाने हाक मारतो. वस्तीतल्या एकाच पाट्यावर चार घरच्या मिरच्या वाटाव्यात, तसे माझ्यावर चार प्रोग्राम काम भागवतात. फक्त हाक आल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही. त्यापायी माझ्या जिवाचे कसे पाणी झाले, तेच आज सांगते.

हर्सूलच्या बाजूला पाण्याचा अभ्यास करणारी एक लहानशी संस्था आहे. तिथल्या मोतीराम सरांनी मला घडवले आणि माझ्या भरवशावर पुराचा प्रोग्राम लिहिला. कन्नडच्या घाटापायथ्याचा तलाव भरून वाहू लागला तर बांधाखाली पाणी कुठवर चढेल, हे तो सांगतो. सर निवृत्त झाले तेव्हा सगळे काम उस्मानपुऱ्याच्या रूपाकडे आले. जाताना सर तिला म्हणाले, "ही म्हातारी हळू चालते, पण खोटं बोलत नाही. तरी एक कर. उत्तर कुणाला सांगायच्या आधी एखादा जुना पूर सोडवून बघ." माझे कौतुक ऐकून मी फुगले होते. पुढचे वाक्य मला जरा झोंबलेच.

मग नकाशे काढणारा नवा प्रोग्राम आला. रूपाचा सहकारी अभय त्याच्यावर भलताच खूश होता. त्या प्रोग्रामला माझ्याच कुळातली नवी लायब्ररी लागे. चुकून माझ्याशी गाठ पडली की तो कोसळायचा. म्हणून अभयने मला उचलून 'जुने' नावाच्या फोल्डरमध्ये टाकले. त्यावर पुराचा प्रोग्राम अडून बसला, लायब्ररी सापडत नाही म्हणून. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

अभय हसला. "टेन्शन कायको लेने का, रूपाताई? नवीलाच जुनं नाव देऊन टाकतो."

त्याने माझे नाव तिला चिकटवले. तक्रार थांबली आणि दोघे चहाला गेले.

पुराचा प्रोग्राम मला मापे देतो ती आधी खोली, मग रुंदी अशी. नवी आधी रुंदी घेते, मग खोली. तिचा दोष नाही, ती तशीच शिकली आहे. पण आता ती खोलीलाच रुंदी समजणार होती आणि तरीही ठणठणीत आवाजात उत्तर देणार होती. त्यात ते फोल्डर संध्याकाळी रिकामे व्हायचे होते. मी जाणार, आणि चूक कुणाला कळणारही नाही, हाच विचार करत मी पडून होते.

त्याच दुपारी कन्नडच्या घाटात मुसळधार पाऊस झाला आणि रूपाचा फोन वाजला. सूर्यभान मेंढपाळ बोलत होता. तलावाची मापे घ्यायला गेली असताना रूपाची त्याच्याशी ओळख झाली होती.

"ताई, तळं काठोकाठ भरलंय. आमचा मेंढरांचा वाडा बांधाखाली नाल्यातच हाय. कालच मेंढ्या व्याल्यात, अन् आमची कारभारीण दगडाबाई तापानं पडलीय. भिजत वर न्यायचं म्हंजी कोकरं गारठून मरत्याल. हलावं का नाय, तेवढं सांगा."

"काका, फोन ठेवू नका," रूपा म्हणाली.

तिने प्रोग्राम चालवला. माझ्या नावाने हाक गेली आणि दुसरीनेच ओ दिली. नाल्यात घोटाभरही पाणी चढणार नाही, असे उत्तर आले.

"सुटलो बुवा!" अभय म्हणाला. "बसा म्हणावं निवांत."

मित्रांनो, तेव्हा मला ओरडावेसे वाटत होते. बाई गं, ती मी नव्हे! पण ओरडणार कशी?

रूपाने फोन कानाला लावला आणि सरांचे शब्द आठवून ती थबकली. तिने मागचा एक पूर सोडवायला घेतला. त्या पुरात पाणी मारुतीच्या पारापर्यंत आले होते, हे बांधाखालच्या गावातले शेंबडे पोरसुद्धा सांगेल. प्रोग्राम म्हणाला, नाला कोरडाच राहिला.

"अभय," तिने विचारले, "हे गणित सोडवतंय कोण?"

कोणत्या नावाला कोण ओ देते, हे तिने संगणकालाच विचारले. पडद्यावर नाव माझे होते आणि पत्ता दुसरीचा.

अभय म्हणाला, "मी नुसतं नाव बदललं होतं, ताई."

सगळे सुधारायला वेळ लागणार होता आणि फोनवर पावसाचा आवाज वाढत होता. रूपा म्हणाली, "काका, माझं गणित बिघडलंय. पाणी येईल का नाही, मला आत्ता ठाऊक नाही. ठाऊक नाही म्हणूनच सांगते, वर चढा."

सूर्यभान म्हणाला, "बरं. कोकरं पोटाशी बांधतो."

मग रूपाने मला बाहेर काढले. मला आणि पुराच्या प्रोग्रामला वेगळी जागा दिली आणि माझा पूर्ण पत्ता त्याच्यातच लिहून टाकला. हाक आली. इतके भीत भीत मी आयुष्यात गणित सोडवले नव्हते. उत्तर आले, नाल्यात पुरुषभर पाणी. रूपाने लगेच फोन लावला, पण तो लागेना. ती लावतच राहिली. अभय खिडकीशी उभा होता आणि मागे वळून बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

अंधारून आल्यावर फोन वाजला. "ताई, आमची चूल व्हती तिथून पाणी चाललंय. आमी टेकाडावर हाव. दगडाबाई बरी हाय. दोन कोकरं गेली गारठून." रूपा तोंड झाकून रडली.

आता नवी तिच्या जागी सुखी आहे आणि मी माझ्या. तरी कुणी संगणकात आवराआवर करू लागले की मी दचकते. मित्रांनो, मला पुसायचे असेल तर पुसा. म्हातारीला कधीतरी जावेच लागते. मग हाक आली की ती आता नाही, असे यंत्राला खुशाल ओरडून सांगू द्या. पण त्याला गप्प करण्यासाठी माझे नाव दुसरीला देऊ नका. तिकडे बांधाखाली कुणीतरी फोन कानाला लावून उभे असते.