रंग मूळचाच आहे

मित्रांनो, मी एक जुना कॅलिपर आहे. पुढच्या डाव्या चाकातला. गाडी उभी असताना चाकाच्या आऱ्यांमधून आत डोकावलंत, तर एक चकचकीत लोखंडी तबकडी दिसेल आणि तिच्या कडेवर बसलेला एक जाड ठोकळा. तो ठोकळा म्हणजे मी. ब्रेकवर पाय पडला की नळीतलं तेल दाब देतं, माझ्या पोटातला पिस्टन पुढे सरकतो आणि मी तबकडीला दोन्ही बाजूंनी धरतो. पाय उचलला की सोडतो. धरणं आणि सोडणं, एवढंच माझं काम. त्यातलं सोडणंही धरण्याइतकंच महत्त्वाचं असतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

माझा जन्म पुण्याकडच्या एका भट्टीत झाला. वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं, थंड झाल्यावर तासलं, घासलं आणि पिकल्या लिंबासारख्या पिवळ्या रंगात न्हाऊ घातलं. मी डावा, माझा भाऊ उजवा. आम्हा दोघांना एका निळ्या गाडीत बसवलं आणि ती गाडी महाडला आली.

आमचा मालक मुदस्सर. कुवेतमध्ये बरीच वर्षं काढून तो परतला होता आणि बाजारपेठेत त्याने कापडाचं दुकान टाकलं होतं. शुक्रवारी दुकान बंद असे. त्या दिवशी तो दात घासायचा जुना ब्रश घेऊन चाकापाशी बसायचा आणि माझ्या खाचाखोचा साफ करायचा. पाहुण्यांना रायगड दाखवायला हिरकणीवाडीपर्यंत न्यायचा. तिथे वडापावच्या टपऱ्यांसमोर गाडी लागली की पोरं आधी निळा रंग बघायची आणि मग वाकून मला बघायची. "आतून पन कलर मारलाय रं!" एकजण म्हणाला होता. मला ते फार आवडलं. कौतुक लोखंडालाही गोड लागतं.

मग एका जुलैत सावित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. गाडी गल्लीत उभी होती. पाणी आधी माझ्यावर चढलं, मग काचेवर, मग टपावर. ते उतरलं तेव्हा माझ्या पिस्टनभोवतीच्या रबराच्या आत गाळ बसला होता, पिठासारखा बारीक. मुदस्सरच्या दुकानातल्या ताग्यांचाही चिखल झाला होता. त्याने आधी दुकान धुतलं. त्यात काही गैर नव्हतं. पुढे इंजिन दुरुस्त झालं, गाद्या बदलल्या, अत्तराची बाटली लटकली. मला कोणी उघडलं नाही. माझा पिवळा रंग मातकट झाला, जागोजागी फुगला, आणि माझा पिस्टन मागे यायला कुरकुरू लागला. मी धरत होतो. सोडताना मात्र उशीर व्हायचा.

काही वर्षांनी मुदस्सरने गाडी विकायला काढली. पण महाडमध्ये आता जुनी गाडी घेणारा माणूस आधी इंजिन बघत नाही. तो चाकापाशी उकिडवा बसतो, आत बोट घालतो आणि पुराचा गाळ शोधतो. मुदस्सरला हे माहीत होतं. दुसऱ्याची गाडी बघताना तोही तेच करायचा. म्हणून त्याने गाडी पोलादपूरला सदूकडे नेली.

सदूची शेड महामार्गाला लागून होती. रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्याने मला खाली उतरवलं, तारेच्या ब्रशने खरवडलं, पिस्टन अंगठ्याने दाबून पाहिला आणि मान हलवली.

"शेठ, ह्यो अडकतोय. आत गाळ हाय. खोलून धुवाया लागंल, रबर नवं टाकाया लागंल."

"सदूभाऊ, मी रंग सांगितला ना? मग रंग द्या."

"घाटात तापंल ह्यो."

"घाटात मी जाणार आहे का? आणि पिवळाजर्द देऊ नका हां. नवरीसारखा नटवलात तर गिऱ्हाईक विचारेल, का रंगवला म्हणून."

सदू हसला. "मला शिकवताव व्हय? मूळचा देतो."

माझ्या पाठीवर, पट्टीखाली, नखाएवढा जुना रंग टिकला होता. तो समोर ठेवून सदूने पिवळ्यात थेंबभर काळा घातला, किंचित तपकिरी घातला. दोन हात दिले. वाळल्यावर ब्रेकची काळी भुकटी बोटाने खाचांत चोळली. आरशात पाहता आलं असतं तर मीच फसलो असतो. मी पुन्हा तसाच दिसत होतो, जसा पूर आला नसता तर आज दिसलो असतो. आतला गाळ आत होता.

आठवड्याभराने महाडच्या त्याच गल्लीत गिऱ्हाईक आलं. दीपेश नावाचा तरुण, गाव पोलादपूरच्या वरची वाडी, नोकरी मुंबईत. बरोबर त्याची बायको सारिका होती. नवरा मुंबईला, म्हणून गाडी तीच चालवणार होती. नुकतीच महाडला शिकली होती. आणि दीपेशच्या मोटारसायकलवर मागे बसून, गाडी पारखायला आणलेला माणूस उतरला. तो सदू होता.

सारिका त्याची भाची. आईवेगळी पोर, त्यानेच वाढवली, त्यानेच लग्न लावून दिलं. निळी गाडी दिसताच सदू जागीच थांबला.

"या सदूभाऊ!" मुदस्सर पुढे झाला. त्याचा चेहरा क्षणभर उतरला होता, पण तो व्यापारी होता. "तुम्हीच बघा. तुमच्याहून जास्त कोणाला कळणार? पुढच्या महिन्यात आपल्या अजून दोन गाड्या तुमच्याकडेच यायच्या आहेत."

"तुमची वळख हाय?" दीपेशला बरं वाटलं. "मग प्रश्नच नाय. मामा, एवढं सांगा, कलर मूळचा हाय ना? बाकी मला काय कळत नाय."

आमच्या भागात हा प्रश्न रंगाचा नसतो. मूळचा रंग म्हणजे गाडी ठोकलेली नाही, बुडालेली नाही, कोणी काही झाकलेलं नाही. सदू हे जाणून होता. तो माझ्यासमोर उकिडवा बसला. त्याने आत बोट घातलं, माझ्या पाठीवरून फिरवलं आणि बाहेर काढून पाहिलं. बोटावर त्यानेच चोळलेली भुकटी आली.

"मूळचाच हाय," तो म्हणाला.

"मामा बोलले, बास!" सारिका दार उघडून आत बसलीसुद्धा.

निघताना सदू खिडकीशी वाकला. "सारू, येत्या दोन दिवसांत गाडी शेडवर आन गो. जरा सर्व्हिस करून देतो."

"चांगली हाय ना पन?"

"हाय, हाय."

"मग घाई कशाला? हे मुंबईला गेले की आनते."

तो आणखी एक वाक्य बोलला असता तर पुरलं असतं. सारिका थांबली असती, मुदस्सर चिडला असता, दोन गाड्या दुसरीकडे गेल्या असत्या. सदू बाजूला सरकला आणि गाडी गेली.

दीपेशची सुट्टी संपायच्या आत ते कशेडी घाटात गेले. तिथे आता बोगदा आहे, पण सारिकाच्या मावशीचं घर जुन्या घाटरस्त्यावर. जाताना चढण होती, मी निभावलं. परतताना उतार लागला. सारिका शिकवल्याप्रमाणे गाडी चालवत होती: खालचा गिअर, वळणाआधी ब्रेक, वळणात पाय मोकळा. चूक तिची नव्हती. ती पाय उचलायची आणि मी सोडत नव्हतो. तबकडी माझ्या मिठीत घासत राहिली, तापत राहिली. सदूचा रंग आधी करपला, मग पापुद्र्यांनी उडाला. नळीतलं तेल उकळलं.

"काय जळतंय?" दीपेश म्हणाला.

"पुढचा ट्रक असंल."

पुढच्या वळणाला तिने ब्रेक दाबला, आणि पेडल सरळ तळाला गेलं. उकळलेल्या तेलाला जोर नसतो. तिने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. दरी समोर आली तेव्हा तिने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. दीपेशला खरचटलं. सारिकाचा उजवा पाय शेवटपर्यंत पेडलवर होता, म्हणून तोच चेचला.

गाडी ओढून सदूच्या शेडमध्ये आणली. महिन्याने दोघं तिथे आली. सारिकाच्या काखेत कुबडी होती. घोटा आता वाकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सदूने तिला स्टूल दिलं. तो मला खोलायला बसला होता. मी त्याच्या मांडीवर होतो. रंग जळालेला, रबर फाटलेलं, आणि फटीतून भाजलेला गाळ डोकावत होता, विटकरीच्या भुकटीसारखा.

"आईला समजावून दमलो मी," दीपेश म्हणाला. "ती म्हनते, बाईच्या हातात गाडी दिली कशाला. वाडीतली पोरं हिला ड्रायव्हरीन म्हनून हाका मारतात. आता काय बोलनार? गाडीत खोट असती तर मामांनी तवाच सांगितलं असतं."

सारिका नवऱ्याकडे बघत नव्हती. ती मामाकडे बघत होती.

"मामा, मी ब्रेक दाबला होता. तीनदा दाबला. हे म्हनतात, मी घाबरून भलतीकडं पाय दिला. तुम्ही खोललंय ना आता? काय होतं गाडीत? तुम्ही सांगाल ते मी मानीन."

सदूने मला उलटा केला. गाळ त्याच्या बोटाला लागला. त्याने तो चिंधीला पुसला.

"गाडीत काय नव्हतं गो," तो म्हणाला. "नव्या मानसाचं व्हतं असं. पाय चुकतो."

सारिकाने मान डोलावली. ती हळूच म्हणाली, "मग माझंच चुकलं." दीपेशने तिला उठायला हात दिला. तेवढा आधारही तिला बरा वाटला असावा, कारण तिने तो हात धरला.

मित्रांनो, आता मी शेडच्या मागे ताडपत्रीवर वजन म्हणून पडलो आहे. माझ्याकडून धरणं-सोडणं कोणी मागत नाही. तुम्ही मोठे व्हाल, गाड्या घ्याल. आम्हाला हवा तो रंग द्या, आम्हाला आवडतो. पण आधी आम्हाला उघडा, धुवा, रबर बदला आणि मग रंगवा. आणि तुम्हाला कोणी विश्वासाने विचारलं, तर रंगाचं उत्तर रंगापुरतं देऊ नका.

मी लोखंड आहे. मला बोलता येत नाही. ज्याला येतं तो बोलला नाही. म्हणून तुम्हाला एक विनंती करतो. पोलादपूरच्या बाजारात कधी कुबडी घेतलेली एक तरुण बाई दिसली, रस्ता ओलांडण्याआधी शेजारच्याला "जाऊ ना?" असं विचारणारी, तर तिच्याजवळ जा. तिला सांगा, सारिकाताई, तुमचा पाय बरोबर जागी होता.