बांधावरची तार

शहरातला चांगला फ्लॅट पोराच्या हवाली करून माणूस हर्सूलच्या मळ्यात राहायला येतो, बांधाच्या कडेनं खुंट्या ठोकतो आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत तांब्याची तार ताणतो. काय समजायचं माणसानं? रामेश्वरला जे समजायचं ते पहिल्याच दिवशी समजलं होतं. आप्पांना बांध सरकवायचाय.

आप्पा म्हणजे त्याचे चुलत चुलते. सगळा जन्म वाळूजच्या कंपनीत गेला, आता रिटायर. तळ्यामागची दोघांची रानं लागून, मधे एक बांध. पूर्वी त्या बांधाला कुत्रं विचारत नव्हतं. आता चहूबाजूंनी प्लॉटिंग झालं, हातभर जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि नेमकं तेव्हाच ह्या बुवाला तार ताणायचं सुचलं! असले योगायोग रामेश्वरनं लई पाहिले होते.

विचारलं तर आप्पा कौतुकानं जुना रेडिओ पुढं करायचे. "अरे, एरियल हाय ती. लांबची स्टेशनं लागतात. शहरात घरोघर चार्जर आन् एलईडी बल्ब, नुसती खरखर. इथं कसं निवांत! दिवस मावळताना आन् पहाटं पार समुद्रापलीकडचं येतं. काल एक बाई गात व्हती, भाषा कळंना, पण काय गोड गळा!"

"कळंना तर ऐकता कामून?"

"अरे, लागलं म्हणून!"

हे काय उत्तर झालं? मोबाईलवर सगळं जग फुकट ऐकू येतं, आणि हा माणूस थंडीत मफलर बांधून खरखर ऐकतो. सोंग, नुसतं सोंग! रामेश्वरनं बायकोला बजावून ठेवलं, "द्वारका, त्यांच्या दारात पाय ठेवायचा नाय. दगडाकाकूशी बोलायचं पण नाय. गोड बोलून सही घेतील." दगडाबाई म्हणजे आप्पांची बायको. द्वारकाबाईची दोन्ही बाळंतपणं तिनंच काढलेली. तरी द्वारकाबाई संक्रांतीच्या वाणालासुद्धा गेली नाही.

त्यात झटका मशीनचं निघालं. रानडुकरं मका नासवतात म्हणून रामेश्वरनं तारेचं कुंपण करून त्याला बॅटरीवरचं मशीन जोडलं होतं. जनावराला चटका बसतो, मरत नाही. आप्पा म्हणाले, "तुझ्या मशीनची टक् टक् माझ्या रेडिओत येती बघ. जरा पल्याडच्या कोपऱ्यात हलवतो का?"

झालं! आज मशीन हलवा, उद्या कुंपण हलवा, परवा बांध. रामेश्वरच्या डोक्यात तिडीक गेली. त्याच संध्याकाळी, आप्पा चहाला खोलीत गेलेले बघून त्यानं पक्कड घेतली, कटकन तार तोडली, गोळा केली आणि रागारागानं भिरकावून दिली. अंधारून आलं होतं, शेतीची लाइट गेलेली होती. तार कुठं पडली हे बघायला तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आरडाओरडा ऐकून तो गोठ्यातून बाहेर आला. बघतो तर आप्पा कुंपणाच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभे, आणि समोर डोक्यावर पाटी घेतलेली द्वारकाबाई. तिला स्वतःच्याच रानात जाऊ देत नव्हते! "आलं का नाय माझं खरं?" असं म्हणत रामेश्वर काठी घेऊन पळाला.

"तारंला हात लावू नको!" आप्पा ओरडले. "करंट हाय!"

दवानं भिजलेलं गवत कुंपणापाशी चरचरत होतं. खाली एक रानडुक्कर पाय ताठ करून मरून पडलं होतं. पाण्याच्या मोटारीच्या खांबावरच्या उघड्या लाइनीवरून तांब्याची तार लोंबत होती, आणि तिचं दुसरं टोक कुंपणावर होतं. रात्री लाइट आली होती.

रामेश्वर तसाच पळत डीपीच्या पेटीकडं गेला आणि फ्यूज काढून आला. आप्पा अजून धापा टाकत होते. "पहाटं रेडिओ लावला, तर रोजची टक् टक् नाय. नुसता भर्रर्र आवाज! कुंपणाकडं आलो तसा वाढतच गेला. म्हटलं, काहीतरी इपरीत हाय. तेवढ्यात ही आली."

द्वारकाबाईनं पाटी खाली टाकली. मग तिनं तार नीट बघितली. "ही तर तुमची तार, आप्पा! आमचे हे म्हणत व्हते तेच खरं. आज माझी लेकरं उघड्यावर पडली असती!"

आप्पांचं तोंड एवढंसं झालं. "माझीच हाय, बाई. काल कशी तुटली कळलं नाय, अंधारात घावली नाय. चुकलं माझं. आता नाय ताणायचो." त्यांनी गळ्यात अडकवलेला रेडिओ बंद केला आणि तार गुंडाळायला वाकले.

रामेश्वरला वर्षभर जे हवं होतं ते न मागता मिळालं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. गुंडाळता गुंडाळता आप्पांनी तारेचं टोक डोळ्यांजवळ नेलं, त्यावर अंगठा फिरवला, एकदा रामेश्वरकडं पाहिलं आणि परत गुंडाळू लागले. त्यांना कळलं होतं. रामेश्वरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"म्या तोडली," तो म्हणाला. "पकडीनं. मला वाटलं, मोजणी चाललीय."

"मोजणी?" आप्पा बघतच राहिले. "अरे बाबा, तार लांब लागती, सरळ लागती. पिकातून कशी नेऊ? म्हणून बांधानं नेली."

द्वारकाबाई नवऱ्याकडं बघत होती. तो आप्पांकडं बघायचा, अगदी तसंच.

"म्हंजी," ती सावकाश म्हणाली, "दगडाकाकूशी म्या वर्षभर बोलले नाय, ते उगंच व्हय? आनखी काय काय सांगितलंय तुम्ही मला?"

पाटी तिथंच सोडून ती बांध ओलांडून आप्पांच्या खोलीकडं निघाली.