बाळोत्यावरचा पिवळा डाग

हिरामणच्या घरावरचं गवत जाऊन कौलं आली, ते १९९३ साल. त्याच फाल्गुनात त्याला पहिला मुलगा झाला, पुंजा. तेव्हा हिरामणच्या आईनं, भागीबाईनं, आपलं हिरवं लुगडं फाडलं. मित्रांनो, मी त्याच लुगड्याचा एक जुना तुकडा आहे. पेठजवळच्या आमच्या पाड्यावर नव्या कापडाचं बाळोतं करत नाहीत. नवं कापड टोचतं.

पुंजा पाच महिन्यांचा असताना त्याला हगवण लागली. भाताच्या धुवणासारखं पाणी यायचं आणि नासका वास यायचा. पुढं त्याची लघवी थांबली. मी कोरडा पडलो, आणि तो गेला. भागीबाईनं मला ओढ्यावर धुतलं आणि पेटीत ठेवलं. पातळ शी म्हणजे मरण, एवढंच तिच्या मनात राहिलं.

दोन वर्षांनी तृप्ती जन्मली आणि मी पुन्हा बाहेर आलो. वीस दिवसांची पोर. अंगावर पिऊन झालं की पिवळी, पातळ शी करायची, दिवसातून सात-आठ वेळा. शीत मोहरीएवढे दाणे असायचे. वास आंबूस, पण नासका नाही. मला फरक कळत होता. पण फडक्याला तोंड कुठून असणार?

भागीबाईला पुंजा आठवला. ती सुनेला, कुसाला, म्हणाली, "तुझं दूध पोरीला बाधतंय. नको पाजू." तिनं नागलीच्या पेजेचं पाणी चमच्यानं पाजलं. कुसाचा पदर दुधानं भिजत राहिला आणि ती भिंतीकडं तोंड करून बसली. पोर आधी खूप रडली, मग रडेनाशी झाली. घरात सगळ्यांना वाटलं, गुण आला. मी मात्र सकाळपासून कोरडा होतो. तसाच कोरडा मी पूर्वीही एकदा पडलो होतो.

दुपारी पोरीची टाळू खोल दिसली, तेव्हा भागीबाई तिला आरोग्य उपकेंद्रात घेऊन निघाली. मागोमाग कुसा. पण निघण्याआधी भागीबाईनं घरातली सगळी बाळोती राखेनं खसाखसा घासली, उन्हात वाळवली आणि पोरीला माझ्यात गुंडाळलं. उपकेंद्रातल्या सुलाबाई नर्स मूळच्या येवल्याच्या. त्यांनी शी दाखवायला सांगितली, तर सगळी बाळोती स्वच्छ.

"घाण कशी आणायची बाई, तुमच्यासारख्यांपुढं?" भागीबाई खाली बघत म्हणाली.

"अहो आजी, मला तीच तर बघायची होती."

सुलाबाईंनी पोरीला तिथंच कुसाच्या अंगावर लावलं. आधी ती चोखेचना. कुसानं बोटानं दुधाचे थेंब तिच्या ओठांवर सोडले, तेव्हा कुठं तिनं धरलं. आम्ही सगळे वाट बघत बसलो. तेवढ्यात भागीबाईनं सुलाबाईंना पुंजाचं सगळं सांगितलं. उन्हं कलली आणि मी ओला झालो. मित्रांनो, ओलं होण्यात एवढं सुख असतं हे मला त्या दिवशी कळलं. थोड्या वेळानं पिवळा डागही पडला.

सुलाबाईंनी मला भागीबाईच्या नाकापुढं धरलं. "पुंजाच्या शीलाही असाच वास होता?"

भागीबाईनं वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मग म्हणाली, "नाय. हा दुधाचा वास हाय."

सुलाबाईंनी सांगितलं, अंगावरच्या बाळाची शी अशीच असते. पाण्यासारखी सुटली, रक्त दिसलं, राखेसारखी पांढरी झाली, बाळोतं कोरडं राहिलं किंवा बाळ मलूल पडलं, तर धावत या. पण दूध तोडू नका.

पुढं तृप्ती दोन महिन्यांची असताना तिला पाच दिवस शीच झाली नाही. शेजारची चिमणाबाई एरंडेल घेऊन आली. भागीबाईनं पोरीचं पोट चाचपलं, मला हात लावला आणि म्हणाली, "पोट मऊ हाय, फडकं ओलं हाय, पोर खेळती हाय. तुझं तेल तुझ्या गुडघ्याला लाव." सहाव्या दिवशी शी झाली, ती थेट चिमणाबाईच्या मांडीवर.

त्यानंतर बाया आपली बाळोती भागीबाईला दाखवायला आणू लागल्या. हिरामण म्हणायचा, आईनं दवाखाना काढला.

आता मी विरलो आहे. तृप्तीनं मला आजीची आठवण म्हणून पेटीत ठेवलं आहे. मित्रांनो, घरात बाळ असेल तर बाळोतं धुण्याआधी एकदा नीट बघा. बाळाला बोलता येत नाही, आणि आम्हालाही.

पुंजा १९९३ च्या श्रावणात गेला. भागीबाई २००६ च्या माघात गेली.