न टोचलेलं वांगं

दाभणाचं टोक वांग्याच्या पाठीत शिरलं आणि आतून बारीक श्वास सुटल्यासारखं काहीतरी झालं. शेवंताबाईंना ते इतकं आवडलं की गरज नसताना त्यांनी त्याच वांग्याला आणखी दोनदा भोसकलं. पोती शिवायचं जुनं दाभण. पिंप्राळ्याच्या फ्लॅटमध्ये पोती उरली नाहीत, दाभण उरलंय. हिवाळ्यात एकदा डब्यातून निघतं, भरताच्या वांग्यांना भोकं पाडतं आणि परत झोपी जातं. भोक पाडायचंच, नाहीतर आत कोंडलेल्या वाफेला वाट मिळत नाही आणि वांगं विस्तवात फुटतं — आमच्याकडे पोरीला भाकरी थापायच्या आधी हे शिकवतात. हिरवट-पांढरी, पोटाला फुगलेली वांगी ताडपत्रीवर ओळीने निजली होती, देठं सगळी एकीकडे... लढाई संपल्यावर मांडून ठेवल्यासारखी.

"आजी, किती जोरात खुपसतेस," मयुरी म्हणाली. नात. कानटोपीतून फक्त नाक आणि मोबाईल बाहेर.

"त्याला लागत नाही."

"तुला काय माहीत?"

काय माहीत... खरंच, काय माहीत. आजवर वांग्याला कुणी विचारलंय?

नाताळच्या सुट्टीत तोरणमाळला येऊन भरीत खायचं ही कल्पना नीलेशची, शेवंताबाईंच्या मुलाची. आणि गॅसवर भाजलेलं भरीत म्हणजे दवाखान्याचं जेवण, हा हुकूम नीलेशच्या वडिलांचा. म्हणून गाडीच्या टपावर कपाशीच्या काड्यांचा भारा, आणि मागे सामानात बडगी — भरीत ठेचायचं ते खोल लाकडी भांडं — आणि तिच्या पोटात आडवी ठेवलेली मुसळी. नाक्यावरचा माणूस हसला होता, "जंगलात काड्या घेऊन चालले का आबा?" आणि आबांनी लगेच त्याला सांगितलं होतं की आमच्या शेतातल्या काडीचा धूर ओळखून वांगं आपोआप साल सोडतं, लाजून. तो माणूस परत हसला. सगळेच हसतात. कौतिकच्या बोलण्याला जग हसतं, आणि हसणाऱ्याला मग बाकीचं काही दिसत नाही.

कौतिक. उखाण्यापलीकडे हे नाव त्यांनी कधी तोंडाने घेतलं नाही. मनात मात्र त्या नवऱ्याला नावानेच हाक मारतात, आणि एकेरी.

सकाळपासून त्यांनी कौतिकला दोनदा मारलं होतं. एकदा तलावात — पायडलच्या होडीत तो नारिंगी जाकीट घालून फुगून बसला होता, पाण्यावर धुकं, मयुरी तोंडातून वाफ काढून "बघ आजी, मी विडी ओढतेय" म्हणत होती, आणि शेवंताबाई त्या जाकिटाच्या बंदाकडे बघत होत्या: एक गाठ, निरगाठही नाही, साधी सुरगाठ... ओढली की झालं. दुसऱ्यांदा सीताखाईच्या कठड्याशी. खाली दरी अशी की बघणाऱ्याचं काळीज आधी उडी मारतं. कौतिक फोटोसाठी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला, हात पसरून, आणि मी — मी हिशेब केला की पाठीच्या कुठल्या हाडावर तळवा टेकवायचा. मग सून, नूतन, "आई, जरा हसा की" म्हणाली आणि मी हसले. फोटो चांगला आलाय म्हणे.

हे काही आजचं नाही. सासू म्हणायची, बाईच्या मनातल्या सुरीला गंज चढत नाही. आज फक्त सुरीला धार लागली होती. आणि ती लावली सुनेच्या मनगटाने.

सकाळी शेकोटीवर हात धरताना नूतनचा स्वेटर वर सरकला. निळा-काळा पट्टा, आणि त्याला फांद्या.

"काय गं हे?"

"गाडीचं दार लागलं, आई."

असं म्हणून ती हसली. दाराला चार बोटं कधीपासून फुटली, हे विचारायचं शेवंताबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण ते हसणं... ते हसणं त्यांच्या ओळखीचं निघालं. दागिना दुसऱ्याच्या गळ्यात बघावा आणि फाशावरून ओळखावा की हा आपला, तसं. गाडीला नीलेश किल्ली लावत होता, शीळ घालत. त्याचे हात बापासारखे आहेत हे मी तो पाळण्यात असतानाच सगळ्यांना कौतुकाने दाखवलं होतं.

— आणि शिरपूरकडची ती केळीची बाग, हिवाळ्याचं ऊन, ताडपत्रीवर नणंदेच्या सासरची माणसं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. शेवंता नवी होती. एक वांगं टोचायचं राहिलं. ते विस्तवात फुटलं तेव्हा बार झाल्यासारखा आवाज आला आणि गरम गर व्याह्यांच्या टोपीवर, मिशीवर, सदऱ्यावर... व्याही स्वतःच हसले आधी. सगळे हसले. कौतिकही हसला, सगळ्यांपेक्षा जास्त. पाहुण्यांची बैलगाडी नजरेआड होईपर्यंत तो हसतच होता, मग वळला, बडगीतून मुसळी उचलली. भरीत चिकटलेलं होतं तिला. हिरव्या मिरचीचं. कपाळाच्या हाडावर लाकूड बसलं तेव्हा दुखण्याच्या आधी मिरची झोंबली, डोळ्यात...

बिबट्या दुसऱ्या दिवशी जन्मला. विहिरीवर शेजारच्या बेबाबाईने विचारलं, "काय झालं वं कपाळाला?" आणि शेवंताच्या तोंडून निघालं, "बिबट्या आला होता केळीत." थट्टा होती ती. बेबाबाईने थट्टेला थट्टा म्हणून घ्यावं, मग पुढचं विचारावं, मग कदाचित सांगता आलं असतं... बेबाबाईने घागर तिथेच टाकली आणि गावभर गेली. आठवडे-बाजारापर्यंत बिबट्या कौतिकच्या हातून मेलासुद्धा होता. मुसळीनेच. म्हणजे बिबट्या माझा. त्याने फक्त तो मारला. पहिल्या साली कुत्र्याएवढा होता, मग वासराएवढा झाला. मीही भर घातली, खोटं कशाला बोलू — शेपटीचा फटका माझा, पंजाची नखं माझी. आणि त्याच्या तोंडाला भरताचा वास येत होता, हेही मीच एकदा सांगून टाकलं. लोक हसून लोळले. कौतिक तेवढा हसला नव्हता.

"आई, झाली का वांगी?" नूतनने हाक दिली.

काड्या पेटल्या होत्या. तलावाकडून वारा कापत येत होता आणि जाळ एका अंगाला वाकत होता. एकेक वांगं शेवंताबाई पुढे करत, नूतन ते चिमट्याने आरावर, लाल निखाऱ्यांवर मांडी. साली तडकत, काळ्या पडत, पाणी सुटून चरचर होई. उरलं शेवटचं, सगळ्यांत थोरलं. शेवंताबाईंनी ते मांडीवर घेतलं. गार, गुळगुळीत, तान्ह्या पोराच्या डोक्यासारखं जड. दाभण उजव्या हातात होतं.

त्यांनी ते तसंच पुढे केलं.

नूतनने घेतलं. चिमट्यात धरताना ते एकदा फिरवून बघितलं, या बाजूने, त्या बाजूने. मग सासूच्या हातातल्या दाभणाकडे बघितलं. शेवंताबाईंना वाटलं, आता बोलेल. नूतनने वांगं आरावर ठेवलं — पलीकडच्या कडेला, जिथे आबा उकिडवे बसून हात शेकत होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून नीलेश काड्या सारत होता.

"आबा, बिबट्या सांगा ना," मयुरी म्हणाली. "या वेळी मी रेकॉर्ड करणारे."

"मागल्या वर्षी बैलाएवढा होता हं," नीलेश म्हणाला. "बघा, आता हत्ती नका आणू."

"तू व्हता का तठे?" कौतिक खाकरला. बिबट्याच्या गोष्टीत तो शुद्ध बोलत नाही, घरची भाषा काढतो; खोट्याला मातीचा वास लागतो तिने. "इतला मोठा! केळीना या टोकले डोकं, त्या टोकले शेपूट. गडी माणसं बठ्ठा पयनात. मी एकलाच. त्यानं तोंड उघडं... मी त्याना तोंडमा मुसळी उभी घाली दिधी. मिटताच येईना त्याले! रडाया लागला बिचारा."

मयुरी खिदळली. नीलेश हसला. वांग्याची साल एका बाजूने काळी पडत होती, आणि दुसऱ्या बाजूने ती ताणत चालली होती, तुकतुकीत, नगाऱ्याच्या कातड्यासारखी. एकही थेंब बाहेर येत नव्हता. इतर वांगी रडत होती, हे नाही.

आणि नूतन उठली. तिने मयुरीच्या स्वेटरची टोपी मागून धरली आणि पोरीला मागे ओढलं, लांब, शेवंताबाईंच्याही मागे.

"मम्मी, फ्रेम जाते ना."

"इथून घे. धूर लागतो."

म्हणजे हिला कळलंय... कळून-सवरून ठेवलंय हिने. शेवंताबाईंच्या छातीत काहीतरी इतकं जोरात आपटलं की त्यांना वाटलं, तेच फुटलं.

"आनि ही मधी आली," कौतिक सांगत होता, "माले वाचवाले. एक पंजा हिले लागना. दखाड वं, पोरीले कपाय दखाड."

इथे कपाळ दाखवायला पदर मागे सरकवायचा असतो. दर हिवाळ्यात सरकतो. मोबाईलचा काळा डोळा त्यांच्याकडे वळला, आणि त्याच्या मागे नूतन, मनगटावर स्वेटर ओढून घट्ट धरलेली... आज हा पदर सरकला की उद्या गाडीचं दार खरं होणार. परवा दाराला गोष्ट फुटेल, आणि ही बाई त्यात स्वतःहून भर घालील, हसवील लोकांना.

"खोटं शे," शेवंताबाई म्हणाल्या.

जाळात एक काडी मोडली.

"काय खोटं?" कौतिक अजून हसतच होता.

"मादी व्हती ती. आनि मरनी नही."

"मेली नाही?" मयुरी पुढे यायला लागली, नूतनने टोपी सोडली नाही. "मग आजी?"

"नुसती पडली होती. माणसं हसत घरी गेली, मग उठली. अंग चाटलं. आणि मागोमाग घरीच आली." आवाज शांत होता, गोष्ट सांगण्याचाच, उलट त्यांना मजा वाटायला लागली होती, आणि त्या मजेचीच त्यांना धास्ती वाटली. "तिला मीच पोसली. जे पानात उरेल त्यावर. फार खात नाही ती. वाट बघते."

"काय बडबड करी राहिनी?" कौतिक म्हणाला. मग मयुरीच्या मोबाईलकडे बघून हसला, मग हसू अर्ध्यावर ठेवून बायकोकडे बघितलं — कपाळाकडे नाही, डोळ्यांत. किती वर्षांनी. "मंग... कोठे शे ती आते?"

नीलेश कुणाकडेच बघत नव्हता. त्याच्या हातातली काडी आरात शिरायची थांबली होती. त्याच्या गुडघ्याशी, बापाच्या तोंडाखाली, ते वांगं देठाशी हलकेच कुरकुरत होतं. आतल्या वाफेला बाहेर यायचं होतं आणि वाट नव्हती.

सांगायला हवं. दोन शब्द, "मागे सरा". मुलगा आहे माझा. हात लांब केला तर दाभण पोचेल, एक भोक, फुस्, आणि भरीत छान होईल, कांद्याची पात चिरून ठेवलीय, कळण्याच्या, ज्वारी-उडदाच्या भाकरी फडक्यात गरम आहेत. दाभण मुठीत ओलं झालं होतं.

शेवंताबाईंनी पदर सरकवला नाही. कपाळावरचा वण थंडीत ओढायचा, दर हिवाळ्यात; आज तो ओढत नव्हता. इतकी वर्षं जी भीती त्यांना स्वतःच्या अंगाचाच वास वाटत आली होती, ती उठून विस्तवापलीकडे जाऊन बसली होती, दोघा बापलेकांच्या मधे, आणि तिथून त्यांच्याकडे बघत होती. ती तिथे किती शोभते, हे बघत त्या बसून राहिल्या, हात ना पुढे ना मागे, आणि तोंडात — अजून घास खाल्ला नव्हता तरी — मिरचीचा, भाजल्या वांग्याचा, जुना गोड वास भरत गेला.