लाखेत बसवलेली दुर्बीण

फुलवंताच्या हातात विळ्याची नुसती मूठ आली. पातं अंगणात पडलं.

"दुनियेचे पंप दुरुस्त करता, अन् घरचा विळा असा!" ती नवऱ्याला म्हणाली. "टिनावर उन्हात राहिला, त मुठीतली सारी लाख पघळली."

शिवलाल हसणारच होता. हसू ओठांवर आलं आणि तिथंच सुकलं.

काल सांजेला त्यानं शालीकरामच्या रायफलीवर दुर्बीण बसवली होती. शालीकराम कामठ्याचा, फौजेतून परतलेला. नाल्यातून दोन बाया ओढून नेणाऱ्या बिबट्याला मारायची परवानगी वनखात्यानं त्याला दिली होती. दुर्बीण नवी, पण नळी बारीक आणि रायफलीवरच्या कड्या मोठ्या. स्क्रू आवळूनही ती आत खुळखुळायची. मापाच्या कड्या नागपूरहून यायला चार दिवस. "चार दिवसांत तिसरी बाई जाईल ना बे," शालीकराम म्हणाला होता. मग बाप-आजानं विळ्याच्या मुठी बसवल्या तशीच शिवलालनं दुर्बीण बसवली. पळसाची लाख वितळवली, फटीत भरली, गार होऊ दिली. शालीकरामनं तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही एका बशीएवढ्या जागेत. "वा रे मिस्त्री!"

आज सकाळपासून ती रायफल नाल्यावरच्या मचाणावर होती. मचाण सालईच्या झाडावर. आणि वैशाखात सालईला एक पान नसतं, म्हणजे रायफल दिवसभर उघड्या उन्हात.

"दुर्गेश्वरी कधी येते?" त्यानं फुलवंताला विचारलं.

"येतीनच आता बाया, तेंदूची पानं घेऊन. नाल्यातूनच. काऊन जी?"

वर शालीकराम आहे, या भरवशावर त्यानंच लेकीला पानं तोडायला धाडलं होतं. तो स्क्रू खोलायचा पेचकस घेऊन पळत सुटला.

रान चूप होतं. होले चूप, किडे चूप. वाळल्या पानावर आपलंच पाऊल वाजायचं आणि त्याला वाटायचं, मागं दुसरं कोणी चालतंय. मागं वळून बघायची हिंमत नव्हती. न बघायचीही नव्हती.

"भाऊ! मी आहो, शिवलाल!"

"मरायले आला का बे?" वरून दबका आवाज आला. "बोंबलून कायले राहिला? चढ वर."

वर चढताच शिवलाल म्हणाला, "दुर्बीण हलवून पाहा."

शालीकरामनं काळ्या नळीला हात लावला आणि चटका बसून मागं घेतला. पुन्हा धरली. नळी गुळात फिरावी तशी कडीत फिरली. त्यानं शिवी दिली नाही. शिवलालला त्याचंच जास्त भेव वाटलं.

"खोल. लवकर."

शिवलालनं पेचकस लावला. स्क्रू एकेक सुटले. दुर्बीण मांडीवर आली, आणि रायफलीच्या टोकाला उरली ती नेम धरायची उघडी लोखंडी माशी.

"दुर्बिणीनं दुरूनच पाडला असता," शालीकराम पुटपुटला. "आता वीस पावलांवर येऊ द्या लागंल."

"अन् बाया?"

शालीकरामनं नाल्याकडं बोट दाखवलं. बाया आल्याच होत्या. भेवाला दूर ठेवायला गात येत होत्या.

*मोहाच्या झाडाखाली बाई, कोनं सांडलं चांदनं,*
*पानं बांधता बांधता, माहेर येते ध्यानं...*

शेवटचा, थोडा बेसूर आवाज दुर्गेश्वरीचा. ती सगळ्यांच्या मागं होती. पलीकडच्या झाडावर वानर खाकरलं. करवंदीच्या जाळीत काहीतरी हललं, पिवळं, ठिपक्यांचं.

शिवलालनं ओरडायला तोंड उघडलं. शालीकरामनं त्यावर हात दाबला. "ओरडशील त बाया थांबतीन. त्याच्या तोंडासमोरच."

बिबट्या पोटावर सरकत आला. मचाणापासून तीस पावलं. पंचवीस. गाणं चालूच. दुर्गेश्वरीच्या डोक्यावरचं गाठोडं डुलत होतं. बिबट्यानं मागचे पाय अंगाखाली घेतले. शिवलालनं डोळे मिटले.

बार झाला.

गाणं तुटलं. धूळ उडाली, आणि त्या धुळीतून कोणाचाच आवाज येईना. शिवलालनं डोळे उघडले, तरी त्याला लेक दिसेना.

"कोन हाय वर?" खालून रडका, संतापलेला आवाज आला. "माही सारी पानं सांडली न!"

"पोरी, तिथंच राय, हलू नको," शालीकराम ओरडला. बिबट्या तिच्यापासून हातभर अंतरावर पडला होता. त्यावर रायफल रोखूनच तो शिवलालला म्हणाला, "जाय, लेक बोलवून राहिली."

शिवलालला उठता येईना. दुर्बीण त्यानं दोन्ही हातांनी आवळून धरली होती आणि बोटं लाखेनं तिला चिकटली होती.