सासऱ्यांची रांगेतली जागा

स्वतःचा सासरा आपल्या मागे सायकल चालवायला तयार नाही, हे दुःख माणसाने सांगायचं तरी कुणाला? भोंग्याने ते शेवटी बायकोच्या कानावर घातलं, तेही ती कपड्यांच्या घड्या घालत असताना. ती आधी हसली. मग नवऱ्याचं तोंड बघून तिने हसू आवरलं आणि ती म्हणाली, "अहो, मग विचारा ना बाबांनाच."

विचारणं इतकं सोपं असतं तर गोष्ट इथेच संपली असती.

भोंगा हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. तो फळबाजारात लिलाव पुकारायचा. संत्र्यांच्या पेटीवर उभं राहून असा काही आवाज लावायचा की फाटकाबाहेर झोपलेली कुत्री उठून बसत. रविवारी सकाळी गावाबाहेर फेरी मारणाऱ्या सायकलवाल्यांच्या गटात तो दाखल झाला, तेव्हा लोकांनी पहिल्याच दिवशी त्याला हे नाव बहाल केलं. त्यालाही ते आवडलं होतं.

सासरे त्याच गटात होते. तिथे सगळे त्यांना अण्णा म्हणत. घड्याळं दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला. दुकान बंद झालं, पाठोपाठ सासूबाई गेल्या आणि मुलीकडे राहायला आल्यापासून ते खिडकीजवळची खुर्ची सोडीनात. त्यांना घराबाहेर काढलं ते सायकलने, आणि ती सायकल आणून दिली भोंग्याने. आता त्यांना रविवार कधी येतो असं व्हायचं. पण मध्यंतरी एका वळणावर घसरून ते कोपर सोलवटून घरी आले आणि मुलीने निक्षून सांगितलं की बाबा, पुन्हा पडलात तर ही सायकल थेट भंगारात जाईल.

गट एकेरी रांगेत जायचा. सर्वांत पुढे बहुधा सिस्टर. त्या इस्पितळात परिचारिका होत्या आणि गटाची सूत्रंही त्यांच्याच हाती होती. सासरे नेहमी सिस्टरच्या मागे. भोंगा मध्ये घुसला की सासरे बुटाची नाडी बांधायला थांबत आणि पुन्हा पुढे जाऊन आपली जागा पकडत. त्यांच्या बुटांना नाड्याच नाहीत, हे भोंग्याच्या लक्षात यायला बरेच रविवार गेले.

मग मात्र त्याचं कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना. घामाचा वास येत असेल म्हणून त्याने शर्ट बदलून पाहिला. वेग जास्त होत असेल म्हणून इतका हळू गेला की मागचे कुरकुरायला लागले. लग्नात मानपानात काही राहून गेलं होतं का, तेही आठवून पाहिलं. काही केल्या उलगडा होईना.

एका रविवारी एक नवखा गडी आला, म्हणून सिस्टर त्याला सांभाळायला मागे राहिल्या. भोंग्याला पुढे जायला मिळालं आणि सासरे, दुसरा इलाज नसल्यामुळे, त्याच्या मागे आले. भोंग्याला कोण आनंद झाला. दिसेल ते तो पुकारत निघाला. डावीकडे खड्डा आहे, पुढे खडी आहे, समोरून ट्रक येतोय. असा जावई शोधून सापडायचा नाही, असं त्याचं त्यालाच वाटत होतं.

कालव्याजवळच्या वळणावर एक हातगाडी रस्त्यात आडवी उभी होती.

"थांबतोय!" भोंगा गरजला. झाडावरचे पक्षी उडाले. त्याने ब्रेक दाबला आणि दुसऱ्याच क्षणी मागून धडक बसली. सासऱ्यांचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकावर आदळलं होतं. म्हातारा रस्त्यावर आडवा, चष्मा एकीकडे, सायकल दुसरीकडे.

हाडं शाबूत होती. तळहात मात्र चांगलाच सोलला होता. सिस्टर धावत आल्या, औषधाची डबी उघडून जखम धुवायला बसल्या. भोंगा हादरला होता. हादरलेला माणूस आधी स्वतःची बाजू मांडतो, तसं त्यानेही केलं.

"मी ओरडलो होतो. सगळ्यांनी ऐकलंय."

"हो, ऐकलं," सिस्टर म्हणाल्या. "अण्णांनी ऐकलं का?"

सासरे कधी सिस्टरच्या तर कधी भोंग्याच्या ओठांकडे बघत होते. बोलणं आपल्याविषयी आहे, एवढं त्यांना कळलं असावं. मग ते हळूच म्हणाले, "उजवा कान तर गेलाच आहे, जावईबापू. डावाही जायच्या वाटेवर आहे. घरी बोलू नका. पडलो म्हटलं तर सायकल जाईल, आणि ऐकू येत नाही म्हटलं तर मला फाटकाबाहेरही सोडायची नाही ती."

भोंगा त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "म्हणून तुम्ही माझ्या मागे येत नव्हता?"

"सिस्टर हाताने सांगतात. खड्डा असेल त्या बाजूला बोट खाली करतात, थांबायचं असेल तर पंजा पाठीमागे धरतात. तुमचे हात हँडलला चिकटलेले. मला कळायचं कसं?"

हात चिकटण्यालाही कारण होतं. लिलावात हात उचलला की बोली लागते. पुकारणाऱ्याने नुसता कान खाजवला तरी घोटाळा व्हायचा, म्हणून त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की काय बोलायचं ते तोंडाने बोल, हात बांधून ठेव. ते वळण त्याने सायकलवरही आणलं होतं आणि हातवारे करणाऱ्यांना तो मनातल्या मनात नाटकी म्हणायचा.

तरी त्याला पटेना. "पण सिस्टर, मी तोंड दुखेपर्यंत सांगत होतो. अण्णांचं एक वेळ सोडा, बाकीच्यांना तर कळत होतं ना?"

"वॉर्डात आम्ही पेशंटला गोळी कशी घ्यायची ते सांगतो," सिस्टर म्हणाल्या. "सांगितलं की काम संपलं, असं नसतं. त्याच्या तोंडून परत वदवून घेतो, तेव्हा कळतं की त्याला भलतंच समजलंय. तुमचं ओरडणं शेवटच्या माणसापर्यंत गोंगाट म्हणून येतं हो, वाऱ्यात शब्द कुठले कळतात? हाताचं तसं नाही. पुढचा हात करतो, तो बघून मागचा करतो, असं ते शेवटपर्यंत जातं." मग डबीतून त्यांनी कापसाचे दोन बोळे काढले. "परत जाताना तुमच्या बाजाराच्या आवारात या. तिथे हे कानात घाला आणि माझ्या मागे चालवा."

रविवारची सुट्टी असल्याने आवार मोकळं होतं. सिस्टरनी वाटेत दोन-चार रिकाम्या पेट्या मांडल्या. कानात कापूस घालून भोंगा निघाला आणि त्याला पहिल्यांदाच एक गोष्ट दिसली, किंवा दिसेनाशी झाली म्हणा. पुढचा रस्ताच नव्हता! होती फक्त सिस्टरची पाठ आणि त्यांचं मागचं चाक. सिस्टर काहीतरी ओरडल्या असाव्यात, कारण त्यांची मान हलली. त्या एकदम बाजूला झाल्या आणि पेटी थेट भोंग्याच्या पुढ्यात आली. पाय घासत तो कसाबसा थांबला. ज्या आवारात त्याचा आवाज चालायचा, तिथेच एका रिकाम्या पेटीने त्याला अडवलं होतं.

दुसऱ्या फेरीला सिस्टरनी तोंड बंद ठेवलं. पेटी यायच्या बऱ्याच आधी त्यांचा डावा हात खाली गेला, बोट जमिनीकडे वळलं आणि तो दिसेल इतका वेळ तसाच राहिला. भोंग्याला पेटी दिसली नव्हती, तरी ती कुठे आहे हे ठाऊक झालं होतं. तो अलगद उजवीकडून गेला. त्याने कापूस काढला. आज सकाळी हा माणूस आपल्या मागून असाच जीव मुठीत धरून आला होता, या विचाराने त्याला लाज वाटत होती आणि भीतीही.

घरी दार उघडताच मुलीची नजर वडिलांच्या हातावरच्या पट्टीवर गेली. साखळी निसटली, असं काहीतरी सासरे पुटपुटायला लागले.

"चूक माझी आहे," भोंगा म्हणाला. "मी न दाखवता थांबलो." मग तो सासऱ्यांकडे वळला आणि त्यांना ओठ दिसतील असा समोर उभा राहिला. "बाबा, पुढचं तुम्हीच सांगा."

सासऱ्यांनी सांगितलं. बायको खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी रोज स्वयंपाकघरातून हाक मारते," ती म्हणाली, "आणि ओ देत नाहीत म्हणून चिडते." मग तिने खुर्ची ओढून वडिलांच्या समोर घेतली आणि तिचा निर्णय त्यांना नीट समजेल असा सांगितला. कान तपासून घ्यायचे, सायकल चालवायची, पण सिस्टरच्याच मागे.

हे भोंग्याला झोंबलं, पण गैर वाटलं नाही. त्या आठवड्यात लिलाव आटोपला की तो रिकाम्या आवारात एका हाताने सायकल चालवायचा आणि हमाल हसून हसून बेजार व्हायचे. दोनदा तो पडलासुद्धा.

पुढच्या रविवारी तो रांगेत सासऱ्यांच्या मागे राहिला. कुणाला काही विचारलं नाही. माळावर पोहोचल्यावर मात्र सासऱ्यांनी एक हात बाजूला काढून त्याला पुढे जायची खूण केली, सिस्टरनीही वाट दिली आणि मुलीचा हुकूम मोडून सासरे त्याच्या मागे आले. ऊन तिरपं होतं. सगळ्यांच्या लांब सावल्या रस्त्याच्या कडेने सोबत धावत होत्या. पुढे डावीकडे खड्डा दिसला. भोंग्याने वेळेवर हात खाली केला आणि तो तसाच धरून ठेवला. रांगेत मान वळवायची नसते, म्हणून त्याने शेजारच्या सावल्यांकडे पाहिलं. त्याच्या मागच्या सावलीचा हात खाली गेला. मग तिच्या मागच्या सावलीचा. मग तिच्याही मागच्या सावलीचा.

वाचकहो, आपण सारेच कुणाच्या तरी पुढे चालत असतो. घरात, कचेरीत, रस्त्यावर आपण सांगतो, सूचना लावतो, हाका मारतो आणि "मी तर सांगितलं होतं" म्हणून मोकळे होतो. पण आपलं काम सांगून संपत नाही, मागच्याला कळल्यावर संपतं. त्याला कळेल अशा रीतीने, त्याला सावरायला वेळ मिळेल इतकं आधी सांगायला हवं. भोंग्याला हे कळलं तेव्हा सावल्यांची रांग खड्डा ओलांडून पुढे गेली होती आणि कुणीही पडलं नव्हतं.