शंभरावा खटका

मी एक जुना खटक्या आहे, मित्रांनो. मुठीत मावतो. अंगठ्याने दाबलं की माझ्या पोटातला आकडा एकाने वाढतो. पहिली वीस वर्षं मॅली नावाच्या कोरड्या मुलखातल्या माळावर मेंढ्या मोजण्यात गेली. बरे दिवस होते ते.

मग ग्लेंडाने मला फुटबॉलच्या मैदानावर नेलं. आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये बॉल हातात घेऊनही पळतात. गावच्या टीमचे आकडे ती ठेवायची, आणि तिचा मुलगा ऱ्हीस त्याच टीममध्ये खेळायचा. प्रशिक्षक मरे म्हणायचा, "आपला खेळ नाजूक नाही. बॉल घेऊन पळणाऱ्याला कवटाळायचं आणि आपटायचं. शंभर वेळा पाडा, मॅच आपली." ते पाडणं मोजायचं काम माझं. नाकं फुटली, बरगड्या मोडल्या. एकदा चिखलात दात सापडला, तर तो कुणाचा यावरच भांडण जुंपलं. मॅच संपली की मरे मला हातात धरून सगळ्यांना आकडा दाखवायचा. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगायची.

ग्लेंडाने मात्र वर्षभराची वही चाळली.

"मरे, नव्वदच्या वर गेलो त्या सगळ्या मॅच आपण हरलोय."

"नशीब फुटकं, दुसरं काय."

"नशीब कसलं? बॉल त्यांच्याकडे असतो, म्हणून आपण पाडत बसतो. ज्याच्या हातात बॉल आहे तो कशाला कुणाला पाडेल?"

"तू मोज गं. खेळाचं माझ्यावर सोड."

शेवटच्या मॅचला ऱ्हीसच्या कानशिलावर गुडघा बसला. तो उठला, पण उलट्या बाजूच्या गोलकडे चालू लागला. ग्लेंडा कडेपर्यंत धावली. "मरे, त्याला बाहेर काढ."

"अठ्ठ्याण्णव झालेत. शंभर झाले की मॅच फिरते."

"आई, माझी लाज काढू नकोस," ऱ्हीस आतून म्हणाला. त्याची जीभ जड झाली होती.

नव्याण्णव त्यानेच केले. शंभराव्याला तो डोकं खाली घालून घुसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. ग्लेंडाचा अंगठा सवयीने दाबला गेला. शंभर झाले म्हणून मैदानाभोवती लावलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांनी हॉर्न वाजवले. ऱ्हीस हलत नव्हता. मॅच आम्ही एकवीस गुणांनी हरलो.

मित्रांनो, मला तेल घाला, न घाला. पण कुणी मोजायला बसलं, की आधी विचारा, हा आकडा वाढला तर भलं कुणाचं? मला ते विचारता येत नाही. मी नुसता वाढतो.

आता ऱ्हीसचा उजवा हात तेवढा चालतो. खुर्चीत बसून तो दिवसभर मला दाबतो.

"आई, मी काय मोजतोय?" रोज विचारतो.

ग्लेंडा त्याच्या तोंडात घास घालते. "काही नाही रे राजा. दाब तू."